आफ्रिकी क्रीडास्पर्धा व राष्ट्राभिमान

आफ्रिका खंडातील देशांनी आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांतून, विशेषतः फुटबॉलमधून, आपल्या राष्ट्रीयत्वाचा जो आविष्कार केला आणि त्यातून त्यांच्यात परस्परांविषयी जी चुरस निर्माण झाली, तिचा इतिहास विसाव्या शतकातील वसाहतींच्या मुक्तीशी निगडित आहे. या खंडातील बहुतेक देशांच्या सीमा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या आरंभी यूरोपीय सत्तांनी आपल्या सोयीनुसार आखल्या. एकच भाषा बोलणारे लोक त्यामुळे दोन-दोन देशांत विभागले गेले, तर भाषा, धर्म व चालीरीती यांनी भिन्न असलेले अनेक समाज एकाच देशात आले. स्वातंत्र्यानंतर अशा समाजांना एक राष्ट्र म्हणून भावनेने बांधण्याची साधने थोडी होती. ध्वज, राष्ट्रगीत आणि नाणी यांच्या जोडीला राष्ट्रीय फुटबॉल संघ हे असेच एक साधन ठरले. आफ्रिकी देशांतील क्रीडाविषयक चुरस ही सामान्यतः प्राचीन वैराची परिणती नसून ती नव्या राष्ट्रांची, व बहुधा एकमेकांसारख्याच असलेल्या शेजाऱ्यांची चुरस आहे, हे तिचे प्रमुख वैशिष्ट्य होय. ज्या राष्ट्रभावनेने हे देश मैदानावर एकमेकांसमोर उभे ठाकले, त्याच भावनेने त्यांना वर्णभेदाविरुद्ध व जागतिक क्रीडासंघटनांतील अन्यायाविरुद्ध एकत्रही आणले.

वसाहतकालीन पार्श्वभूमी : फुटबॉलचा खेळ आफ्रिकेत यूरोपीय खलाशी, सैनिक, रेल्वे कर्मचारी आणि मिशनरी शाळा यांच्याद्वारे आला. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने तो शिस्त व आज्ञाधारकपणा शिकविणारा खेळ होता. तथापि लवकरच तो राज्यकर्त्यांशी बरोबरी सिद्ध करण्याचे माध्यम बनला. कैरो येथे १९०७ मध्ये स्थापन झालेला अल अहली हा क्लब ईजिप्तमधील राष्ट्रवादी विचारांच्या तरुणांचे केंद्र होता. ईजिप्तच्या संघाने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये भाग घेतला आणि १९३४ मध्ये विश्वचषक स्पर्धेत खेळणारा पहिला आफ्रिकी देश होण्याचा मान मिळविला. नायजेरियात न्नामदी अझिकिवे या पत्रकार-नेत्याने लागोस येथे १९३८ मध्ये क्रीडामंडळ स्थापन केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या मंडळाच्या संघाने देशभर दौरे केले आणि त्या निमित्ताने जमलेल्या लोकांपुढे स्वराज्याचा विचार मांडला गेला. हेच अझिकिवे पुढे नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. नायजेरियाच्या संघाने १९४९ मध्ये इंग्लंडचा दौरा केला, तेव्हा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील अनेक भारतीय खेळाडूंप्रमाणेच त्याचेही बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते.

खेळ आणि स्वातंत्र्यलढा यांचा सर्वांत उत्कट संबंध अल्जीरियात दिसून आला. १९५८ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधील व्यावसायिक क्लबांकडून खेळणारे काही अल्जीरियन खेळाडू गुप्तपणे तो देश सोडून ट्यूनिसला गेले आणि तेथे त्यांनी राष्ट्रीय मुक्ती आघाडीचा संघ उभारला. त्यांतील मुस्तफा झितूनी हा त्या वर्षीच्या विश्वचषकासाठी फ्रान्सच्या संघात निवडला जाणार, असे मानले जात होते. रशीद मखलूफी हा सेंट एत्येन क्लबचा नामवंत खेळाडू होता. ‘फिफा’ने (आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघ) या संघाला मान्यता दिली नाही, एवढेच नव्हे, तर त्याच्याशी खेळणाऱ्या देशांवर कारवाई करण्याचा इशारा दिला. तरीही या संघाने अरब देश, पूर्व यूरोप, चीन व व्हिएटनाम येथे सामने खेळले. राष्ट्र अद्याप अस्तित्वात यायचे होते. त्याचा संघ मात्र १९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच जगभर फिरत होता.

आफ्रिकी चषकाचा आरंभ : ईजिप्त, सूदान, इथिओपिया व दक्षिण आफ्रिका या चार देशांच्या प्रतिनिधींनी फेब्रुवारी १९५७ मध्ये खार्टूम येथे आफ्रिकी फुटबॉल महासंघाची स्थापना केली. त्या वेळी खंडातील स्वतंत्र देश बोटांवर मोजण्याइतकेच होते. पहिली आफ्रिकी राष्ट्रचषक स्पर्धा लगोलग तेथेच भरविण्यात आली. दक्षिण आफ्रिकेने केवळ गोऱ्या किंवा केवळ काळ्या खेळाडूंचा संघ पाठविण्याचा आग्रह धरला. संमिश्र संघ देण्यास नकार दिला. इतरांनी ही अट फेटाळल्यामुळे तो देश स्पर्धेबाहेर राहिला व इथिओपियाला उपांत्य सामना न खेळताच अंतिम फेरीत प्रवेश मिळाला. अंतिम सामन्यात ईजिप्तने इथिओपियाचा ४–० असा पराभव केला आणि हे चारही गोल अद् दीबा या एकाच खेळाडूने केले. अवघ्या तीन देशांच्या या स्पर्धेत दोन सामने झाले. तथापि वर्णभेदाविरुद्धची आफ्रिकी क्रीडाक्षेत्राची भूमिका तिच्यातच निश्चित झाली.

१९६२ ची स्पर्धा आदिस अबाबा येथे झाली. अंतिम सामन्यात इथिओपियाने जादा वेळेत संयुक्त अरब प्रजासत्ताकाला (ईजिप्त) ४–२ असे हरविले. सम्राट हैले सेलासी यांनी विजयचषक कर्णधार लूचानो वासालो याच्या हाती दिला. वासालो हा एरिट्रियात जन्मलेला, इटालियन पिता व एरिट्रियन माता यांचा पुत्र होता. त्याच वर्षाच्या अखेरीस एरिट्रियाची स्वायत्तता संपुष्टात आणून तो प्रदेश इथिओपियात विलीन करण्यात आला. पुढे तीस वर्षांच्या संघर्षानंतर १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र देश झाला. राष्ट्रीय संघ कोणाचा आणि राष्ट्र कोणाचे, हा प्रश्न आफ्रिकेत किती गुंतागुंतीचा आहे, याचे हे बोलके उदाहरण होय.

राष्ट्रप्रतीक म्हणून संघ : क्रीडासंघाचा राष्ट्रउभारणीसाठी सर्वांत योजनापूर्वक उपयोग घानाच्या क्वामे एन्क्रूमा यांनी केला. घाना ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाला. काही आठवड्यांतच सुप्रसिद्ध इंग्लिश खेळाडू स्टॅन्ली मॅथ्यूझ यास तेथे प्रदर्शनीय सामन्यांसाठी पाचारण करण्यात आले. राष्ट्रीय संघाला ‘ब्लॅक स्टार्स’ (काळे तारे) हे नाव मिळाले. जमेकातील कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्व्ही यांच्या ‘ब्लॅक स्टार’ या जहाज कंपनीचे स्मरण त्यात होते व घानाच्या ध्वजावरही तोच काळा तारा होता. क्रीडाखात्याचे संचालक ओहेने जान यांच्या देखरेखीखाली संघाची बांधणी झाली. १९६२ मध्ये आक्रा येथे या संघाने रेआल माद्रिद या त्या काळच्या बलाढ्य स्पॅनिश क्लबला ३–३ असे बरोबरीत रोखले. सी. के. ग्याम्फी या घानाच्याच प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली घानाने १९६३ व १९६५ मध्ये आफ्रिकी चषक जिंकला. आफ्रिकेची एकता हे एन्क्रूमा यांचे ध्येय होते. परंतु त्या एकतेचे नेतृत्व घानाकडे असावे, ही आकांक्षाही त्यांच्या क्रीडाधोरणातून व्यक्त होत होती. ऐक्य आणि अग्रेसरत्व यांतील हा ताण पुढील इतिहासातही कायम राहिला.

संघांची टोपणनावेही या दृष्टीने उद्बोधक आहेत. कॅमेरूनचे ‘अजिंक्य सिंह’, नायजेरियाचे ‘सुपर ईगल्स’ (महागरुड), आयव्हरी कोस्टचे ‘हत्ती’, मोरोक्कोचे ‘ॲटलासचे सिंह’, अल्जीरियाचे ‘वाळवंटी खोकड’ आणि ईजिप्तचे ‘फेअरो’ यांत देशाचा निसर्ग अथवा इतिहास सामावलेला आहे. कोणत्याही एका जमातीची निशाणी नसलेली ही प्रतीके असल्यामुळे ती सर्वांना आपली म्हणता आली. झँबियाचा संघ मात्र दीर्घकाळ राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांच्या नावाच्या आद्याक्षरांनी ओळखला जाई. १९९१ मध्ये त्यांची सत्ता गेल्यावर ते नाव मागे पडून ‘चिपोलोपोलो’ (तांब्याच्या गोळ्या) हे देशातील तांब्याच्या खाणींची आठवण देणारे नाव रूढ झाले.

एकजूट आणि बहिष्कार : १९६६ च्या विश्वचषकासाठी फिफाने सोळा जागांपैकी आफ्रिका, आशिया व ओशिॲनिया या तीन विभागांना मिळून एकच जागा दिली. आफ्रिकी विजेत्याने आशियाई गटाच्या विजेत्याशी पुन्हा सामना खेळावा, अशी ती योजना होती. ओहेने जान व इथिओपियाचे यिद्‌नेकाच्यू तेसेमा यांनी तिला तीव्र विरोध केला आणि १५ आफ्रिकी देशांनी प्राथमिक फेरीतून माघार घेतली. घाना त्या वेळी आफ्रिकी विजेता होता, तेव्हा या बहिष्कारात त्याने स्वतःची संधी गमावली. फिफाने दंड केला. परंतु १९७० च्या स्पर्धेपासून आफ्रिकेला स्वतंत्र जागा मिळाली आणि तिच्यावर मोरोक्कोचा संघ मेक्सिकोत खेळला. २०२६ च्या ४८ संघांच्या स्पर्धेसाठी आफ्रिकेला नऊ निश्चित जागा देण्यात आल्या. त्या वाटचालीचा उगम या माघारीत आहे.

वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा लढाही असाच सामुदायिक होता. फिफाने त्या देशाचे सदस्यत्व १९६१ मध्ये स्थगित केले, १९६३ मध्ये स्थगिती उठविली आणि आफ्रिकी व आशियाई सदस्यांच्या आग्रहामुळे १९६४ मध्ये ती पुन्हा लागू केली. अखेर १९७६ मध्ये त्यास संघटनेतून काढून टाकण्यात आले. न्यूझीलंडच्या रग्बी संघाने दक्षिण आफ्रिकेचा दौरा केल्याच्या निषेधार्थ १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकवर वीसहून अधिक आफ्रिकी देशांनी बहिष्कार टाकला. आयुष्यभराची तयारी केलेल्या अनेक धावपटूंची संधी त्यात हुकली. भारतानेही याच तत्त्वासाठी १९७४ च्या डेव्हिस चषक टेनिस स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा अंतिम सामना खेळण्यास नकार दिला होता. वर्णभेदाची राजवट संपुष्टात येऊ लागल्यावर १९९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे क्रीडाक्षेत्रात पुनरागमन झाले. १९५७ मध्ये तिला ज्या स्पर्धेतून वगळले होते, तीच स्पर्धा १९९६ मध्ये तिने आपल्या भूमीवर भरविली व जिंकलीही.

या विजयालाही एका वादाची किनार होती. नायजेरियातील लष्करी राजवटीने नोव्हेंबर १९९५ मध्ये लेखक केन सारो-विवा व त्यांच्या आठ सहकाऱ्यांना फाशी दिले. राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला यांनी तीव्र निषेध केल्यावर सत्ताधीश सानी अबाचा यांनी विद्यमान विजेत्या नायजेरियन संघाला दक्षिण आफ्रिकेत जाऊ दिले नाही. परिणामी पुढील स्पर्धेतही नायजेरियाला खेळण्यास मनाई झाली. ज्या नायजेरियाने वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात अग्रभागी राहून दक्षिण आफ्रिकी जनतेला साहाय्य केले होते, त्याच्याशीच मुक्त दक्षिण आफ्रिकेचा हा पहिला मोठा कलह व्हावा, हे लक्षणीय आहे.

शेजारी देशांतील चुरस : (१) घाना व नायजेरिया : दोन्ही देश ब्रिटिश अमलाखाली असताना, १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभापासून, त्यांच्यात चषकासाठी नियमित सामने होऊ लागले. १९५५ मध्ये गोल्ड कोस्टने (घाना) नायजेरियाला ७–० असे हरविले होते. स्वातंत्र्योत्तर काळात खंडाच्या नेतृत्वाची स्पर्धा आणि स्थलांतरितांचा प्रश्न यांमुळे या चुरशीला धार आली. घानाच्या सरकारने १९६९ मध्ये परवाना नसलेल्या परकीयांना देश सोडण्याचा आदेश दिला. त्यात बहुसंख्य नायजेरियन होते. १९८३ मध्ये तेलाच्या किमती उतरून अर्थव्यवस्था अडचणीत येताच नायजेरियाने सु. १० लाख घानावासियांना बाहेर काढले. घाईने सामान बांधून निघालेल्या या लोकांच्या हातांतील चौकटी-चौकटींच्या स्वस्त पिशव्यांना पश्चिम आफ्रिकेत ‘घाना मस्ट गो’ (घानाने जावे) हेच नाव पडले व ते आजही टिकून आहे. तथापि एकमेकांच्या देशातील वास्तव्य, व्यापार, संगीत व चित्रपट यांनी हे समाज घट्ट जोडलेले आहेत. जोलोफ हा तांदळाचा पदार्थ कोणाचा अधिक रुचकर, हा त्यांच्यातील वादही फुटबॉलइतकाच आवडीने घातला जातो. मार्च २०२२ मध्ये अबुजा येथील सामना १–१ असा बरोबरीत सुटून घाना विश्वचषकासाठी पात्र ठरला, तेव्हा संतप्त प्रेक्षकांनी मैदानात घुसून मोडतोड केली. त्यांचा रोष घानाइतकाच स्वतःच्या संघावर व व्यवस्थापनावरही होता.

(२) नायजेरिया व कॅमेरून : १९८४, १९८८ व २००० या तीन वर्षी आफ्रिकी चषकाचा अंतिम सामना या दोन शेजाऱ्यांत झाला आणि तिन्ही वेळा कॅमेरून विजयी झाला. २००० मध्ये लागोस येथे सामना २–२ असा बरोबरीत सुटल्यावर पेनल्टी-फटक्यांवर निर्णय लागला. व्हिक्टर इकपेबा याचा फटका आडव्या दांड्यावर आदळून गोलरेषेच्या आत पडला होता, असे चित्रफितीवरून दिसून आले. पंचांनी मात्र गोल दिला नाही. याच काळात या दोन देशांत खनिज तेल व मासळी यांनी समृद्ध असलेल्या बाकासी द्वीपकल्पाच्या मालकीविषयी वाद चालू होता. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००२ मध्ये कॅमेरूनच्या बाजूने निर्णय दिला व २००८ मध्ये हस्तांतर पूर्ण झाले. मैदानावरील व न्यायालयातील पराभव एकाच पाठोपाठ यावेत, हा नायजेरियन जनतेस सलणारा योगायोग होता. तरीही सीमाप्रश्न अखेर कराराने मिटला.

(३) ईजिप्त व अल्जीरिया : आफ्रिकेतील सर्वांत कटू ठरलेली ही चुरस दोन मित्रदेशांतील आहे. अल्जीरियाच्या मुक्तिसंग्रामाला नासर यांच्या ईजिप्तने आश्रय, शस्त्रे व प्रचाराचे साहाय्य दिले होते. त्या ऋणाचे स्मरण एका बाजूस अभिमानाचे, तर दुसऱ्या बाजूस ओझ्याचे वाटू लागले. १७ नोव्हेंबर १९८९ रोजी कैरो येथे ईजिप्तने १–० असा विजय मिळवून विश्वचषकात प्रवेश केला. त्यानंतरच्या मारामारीत ईजिप्तच्या एका डॉक्टरचा डोळा गेला आणि अल्जीरियाच्या एका ख्यातनाम खेळाडूवर आंतरराष्ट्रीय अटक-अधिपत्र निघाले. त्याने आरोप नाकारला. हे अधिपत्र सु. वीस वर्षांनी मागे घेण्यात आले.

२००९ मध्ये हा इतिहास अधिक विस्ताराने पुन्हा घडला. १२ नोव्हेंबर रोजी कैरोत अल्जीरियन संघाच्या बसवर दगडफेक होऊन खेळाडू जखमी झाले. दोन दिवसांनी ईजिप्तने २–० असा विजय मिळविला व त्यातील दुसरा गोल सामना संपता संपता, वाढवून दिलेल्या मिनिटांत झाला. दोन्ही देशांची गुणसंख्या व गोलसंख्या समान झाल्याने निर्णायक सामना त्रयस्थ भूमीवर, सूदानमधील ओमदुर्मान येथे, १८ नोव्हेंबर रोजी घेण्यात आला. अंतर याह्या याच्या एकमेव गोलाने अल्जीरिया विजयी झाला. दरम्यान कैरोत अल्जीरियन प्रेक्षक ठार झाल्याच्या खोट्या बातम्या पसरून अल्जीरियातील ईजिप्शियन कंपन्यांच्या कचेऱ्यांवर हल्ले झाले. ईजिप्तने आपला राजदूत माघारी बोलाविला आणि कैरोतील अल्जीरियन वकिलातीसमोर दंगल झाली. दोन्ही राजवटी त्या काळी वृद्ध राष्ट्राध्यक्षांच्या हाती होत्या व दोहोंतही बेकारीने त्रस्त झालेल्या तरुणांना असंतोष व्यक्त करण्यास अन्य वाट नव्हती. वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांनी पेटविलेला हा उन्माद सत्ताधाऱ्यांना काही काळ सोयीचा वाटला; परंतु सु. १४ महिन्यांनी कैरोतील जनता आपल्याच शासनाविरुद्ध रस्त्यावर उतरली.

(४) मोरोक्को व अल्जीरिया : या दोन देशांतील भूसीमा १९९४ पासून बंद आहे. पश्चिम सहाराच्या प्रश्नावरून त्यांच्यात दीर्घकालीन तेढ असून ऑगस्ट २०२१ मध्ये अल्जीरियाने राजनैतिक संबंध तोडले. जानेवारी २०२३ मध्ये अल्जीरियात भरलेल्या आफ्रिकी स्पर्धेसाठी थेट विमान नेण्याची परवानगी न मिळाल्याने मोरोक्कोचा संघ गेला नाही. एप्रिल २०२४ मध्ये बेरकान या मोरोक्कन क्लबच्या सदऱ्यांवर पश्चिम सहारासह मोरोक्कोचा नकाशा होता. अल्जीरियन अधिकाऱ्यांनी ते सदरे विमानतळावरच ठेवून घेतले आणि सामना झालाच नाही. येथे खेळाने वैर निर्माण केले नाही. आधीच्या वैराने खेळ थांबविला, हा फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे.

फुटबॉल सामन्यांवरून लोकांना देशाबाहेर घालविण्याचे प्रकारही घडले. १९६२ मध्ये गाबाँ व काँगो (ब्राझाव्हिल) यांच्यात, तर १९८१ मध्ये गाबाँ व कॅमेरून यांच्यात सामन्यानंतर दंगली उसळल्या आणि गाबाँने अनुक्रमे काँगोच्या व कॅमेरूनच्या हजारो रहिवाशांना परत पाठविले. या दोन्ही प्रसंगी मूळ कारण नोकऱ्या व व्यापार यांतील परकीयांविषयीचा मत्सर हे होते. सामना केवळ निमित्त ठरला.

सत्ताधारी आणि खेळाडू : राष्ट्राभिमानाचे ओझे अखेरीस खेळाडूंना वाहावे लागते. झाईरेच्या मोबुटू यांनी बेल्जियममध्ये खेळणाऱ्या खेळाडूंना मायदेशी आणविले, संघाला ‘लेपर्ड्‌स’ (बिबटे) हे नाव दिले आणि १९७४ मध्ये आफ्रिकी चषक जिंकल्यावर खेळाडूंना घरे व मोटारगाड्या बक्षीस दिल्या. त्याच वर्षी विश्वचषकात खेळणारा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील हा पहिला देश ठरला. तेथे युगोस्लाव्हियाकडून ९–० असा पराभव होताच राजकृपा आटली. ठरलेले मानधन मिळाले नाही व ब्राझीलविरुद्ध मोठा पराभव झाल्यास परत येऊ नका, अशी धमकी मिळाली, असे खेळाडूंनी पुढे सांगितले. त्या सामन्यात म्वेपू इलुंगा याने ब्राझीलच्या फ्री-किकपूर्वीच धावत येऊन चेंडू दूर लाथाडला. त्या दृश्यावर जगभर लोक हसले. त्यामागील भीती पुष्कळांना उशिरा कळली. आयव्हरी कोस्टचा संघ २००० च्या आफ्रिकी चषकात प्राथमिक फेरीतच बाद झाला, तेव्हा लष्करशहा रॉबेर गेई यांनी खेळाडूंना काही दिवस लष्करी छावणीत ठेवले.

याच देशाच्या संघाने पुढे निराळा आदर्श घालून दिला. २००२ पासून आयव्हरी कोस्ट यादवी युद्धाने उत्तर व दक्षिण असा दुभंगला होता. ऑक्टोबर २००५ मध्ये विश्वचषकात प्रथमच प्रवेश मिळाल्यावर दिद्ये द्रोग्बा याने सहकाऱ्यांसह गुडघे टेकून, दूरचित्रवाणीवरून शस्त्रे खाली ठेवण्याचे आवाहन केले. संघात उत्तरेकडील मुसलमान व दक्षिणेकडील ख्रिस्ती असे दोन्ही खेळाडू होते. मार्च २००७ च्या शांतताकरारानंतर जूनमध्ये बंडखोरांचे केंद्र असलेल्या ब्वाके येथे मादागास्करविरुद्ध सामना खेळविण्यात आला व तो संघाने ५–० असा जिंकला. फुटबॉलने युद्ध थांबविले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. २०१० च्या निवडणुकीनंतर पुन्हा रक्तपात झालाच. तथापि विभागलेल्या देशात सर्वांना मान्य अशी एकच गोष्ट उरली होती व ती म्हणजे राष्ट्रीय संघ, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

लांब पल्ल्याच्या शर्यती : पूर्व आफ्रिकेत राष्ट्राभिमानाचे क्षेत्र मुख्यतः धावण्याच्या शर्यतींचे आहे. इटलीने १९३६ ते १९४१ या काळात इथिओपिया व्यापला होता. त्याच इटलीच्या राजधानीत, १९६० च्या ऑलिंपिकमध्ये, इथिओपियाच्या आबेबे बिकिला याने अनवाणी धावून मॅराथॉन जिंकली. मुसोलिनीने आक्सूमहून लुटून नेलेला प्राचीन स्तंभ या शर्यतीच्या मार्गावरच उभा होता. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर शर्यतीत केन्याचा नफ्ताली टेमू, इथिओपियाचा मामो वोल्डे व ट्युनिशियाचा मुहम्मद गामूदी हे अनुक्रमे पहिले तिघे आले. तेव्हापासून केन्या व इथिओपिया यांच्यातील चुरस या शर्यतींचा प्राण बनली. हैले गेब्रसेलासी (इथिओपिया) व पॉल टेरगट (केन्या) यांच्यातील १९९६ व २००० च्या ऑलिंपिक शर्यती हा तिचा उत्कर्षबिंदू होय. सिडनी येथे या दोघांत केवळ ०·०९ सेकंदाचे अंतर राहिले.

या चुरशीने सहसा कटुतेचे रूप घेतले नाही. या शर्यती बहुधा परक्या भूमीवर होतात. प्रतिपक्षाला हुसकावणारा घरचा जमाव तेथे नसतो आणि निर्णय पंचाच्या मतावर नव्हे, तर घड्याळावर अवलंबून असतो. १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये इथिओपियाची देरार्तू तुलू दहा हजार मीटर शर्यतीत पहिली आली व ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय आफ्रिकी महिला ठरली. दुसरी आलेली दक्षिण आफ्रिकेची गौरवर्णीय धावपटू एलाना मेयर हिच्यासमवेत हातात हात घालून तिने मैदानाला फेरी घातली. महिलांच्या फुटबॉलमध्येही राष्ट्रीय चुरस वाढत असून, जुलै २०२५ मध्ये मोरोक्कोला ३–२ असे हरवून नायजेरियाने आफ्रिकी महिला चषक दहाव्यांदा जिंकला.

शोक व स्मृती : २७ एप्रिल १९९३ रोजी झँबियाच्या संघाला सेनेगलकडे नेणारे लष्करी विमान गाबाँच्या लीब्रव्हिल शहराजवळ समुद्रात कोसळले आणि १८ खेळाडूंसह ३० जण मृत्यू पावले. यूरोपात खेळणारा कर्णधार कालुशा ब्वाल्या त्या विमानात नसल्याने वाचला. नव्याने उभारलेला संघ पुढील वर्षीच आफ्रिकी चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला व नायजेरियाकडून २–१ असा हरला. २०१२ मध्ये झँबियाने हा चषक प्रथमच जिंकला, तो लीब्रव्हिल येथेच. सामन्यापूर्वी खेळाडूंनी समुद्रकिनारी जाऊन मृतांना पुष्पांजली वाहिली होती.

खंडाभिमान : देशादेशांतील चुरस खंडाबाहेर पुष्कळदा विरघळून जाते. १९८२ मध्ये अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २–१ असे हरविले. परंतु नंतर जर्मनी व ऑस्ट्रिया यांनी दोघांनाही सोयीच्या अशा १–० या निकालावर सामना रेंगाळत ठेवल्याने अल्जीरिया बाद झाला. हा अन्याय साऱ्या आफ्रिकेला आपला वाटला व गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळविण्याचा नियम त्यातूनच आला. १९९० मध्ये कॅमेरूनने विश्वविजेत्या अर्जेंटिनाला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. ३८ वर्षे वयाच्या रॉजे मिला याने त्या स्पर्धेत चार गोल केले. २००२ मध्ये सेनेगलने फ्रान्सला, म्हणजे आपल्या पूर्वीच्या राज्यकर्त्या देशाला व तत्कालीन विश्वविजेत्याला, १–० असे नमविले. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील स्पर्धेत यजमान संघ बाद झाल्यावर तेथील लोकांनी आपल्या संघाच्या ‘बाफाना बाफाना’ या नावाच्या धर्तीवर घानाला ‘बाघाना बाघाना’ म्हणून आपलेसे केले. २०२२ मध्ये मोरोक्कोने उपांत्य फेरीत पोहोचणारा पहिला आफ्रिकी देश होण्याचा मान मिळविला.

मूल्यमापन : आफ्रिकी देशांतील क्रीडाविषयक चुरशीकडे केवळ उन्माद किंवा केवळ उत्सव म्हणून पाहणे अपुरे ठरते. जेथे स्थलांतरितांचे हक्क, सीमा अथवा राज्यसत्ता यांविषयीचे प्रश्न अनिर्णित राहिले, तेथे सामन्यावर त्यांचा भार पडला व तो भार त्यास पेलवला नाही. जेथे असे प्रश्न मिटले किंवा त्यांची चर्चा अन्यत्र होऊ शकली, तेथे तीच चुरस थट्टा, गाणी व आठवणी यांचा विषय बनली. शिवाय पराभवाची भीती असतानाही एकमेकांशी पुनःपुन्हा खेळत राहणे, ही समान दर्जाची मान्यताच होय. खार्टूम येथे तीन देशांनी सुरू केलेली स्पर्धा २०१९ पासून २४ देशांची झाली आहे. ज्यांच्या राष्ट्रीयत्वाची जगाने दीर्घकाळ उपेक्षा केली, त्या देशांनी ते प्रथम परस्परांकडून मान्य करून घेतले व मग जगाकडून, हे या इतिहासाचे सार होय.